आवडाबायचं डालगं

ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा खाडीवर पूल नव्हता आणि गावात घड्याळ नव्हतं. कोंबडा आरवला की माणसं उठत आणि कोंबड्या टोपलीखाली डालल्या की माणसं घरात शिरत. खाडीच्या काठाला, डोंगराच्या पोटाशी खडपकोंड नावाचं गाव होतं. अजूनही आहे. ते अजूनही आहे, हीच तर सगळी गोष्ट आहे.

त्या गावाची देवी जाखाई. कुणाचं मूल तापातून उठलं, कुणाची होडी वादळातून परत आली, की जाखाईला कोंबडी सोडायची. सोडायची म्हणजे कापायची नाही. तिच्या पायात लाल दोरा बांधायचा आणि देवळामागच्या मोकळ्या परड्यात तिला सोडून द्यायची. मग ती कोंबडी देवीची झाली. तिची अंडी देवीची, अंड्यांतून निघालेली पिल्लं देवीची, पडलेलं पीस देवीचं, आणि तिची शीटसुद्धा देवीची. माणसाने त्यातलं काही घरात न्यायचं नाही, शेतात टाकायचं नाही. आणि देवीच्या कोंबडीने गावाची शीव कधी ओलांडायची नाही. असा नेम होता आणि तो कुणी मोडत नव्हतं.

या कोंबड्या राखायचं काम ज्या घराकडे होतं, त्या घरातली ही आवडाबाय. नवरा जहाजावर गेला तो परत आला नव्हता, आणि कोंबड्या हाच तिचा संसार होता. अंगाने काटकुळी, पण आवाज असा, की तिने परड्यातून "या गो बायांनो" अशी हाक घातली की खाडीपलीकडच्या कोंबड्यासुद्धा माना वर करत, असं म्हणतात. ती चालत नसे, धावत असे. बोलायला लागली की हातातली केरसुणी हवेत फिरायची आणि समोरचा माणूस दोन पावलं मागे सरायचा. तिच्याजवळ बांबूच्या कामट्यांचं एक भलंमोठं डालगं होतं. उपडं घातलं की सगळा कळप त्याखाली मावावा, एवढी मोठी ती टोपली.

रोज सकाळी ती परडं झाडायची. शीट, पिसं, वाळक्या पानांचा पातेरा सगळं गोळा करायची आणि गावाच्या टोकाला असलेल्या कड्यावरून खाली लोटून द्यायची. तिची सासू तेच करत आली होती, सासूची सासूही तेच. देवीचं आहे, ते माणसाच्या पायाखाली येऊ नये, एवढाच त्यामागचा विचार.

मग तो श्रावण आला. पाऊस किती दिवस कोसळत होता ते कुणी मोजलं नाही. एका सकाळी गुरं एकदम हंबरली आणि डोंगर हलला. माणसं देवळाच्या चौथऱ्यावर धावली म्हणून वाचली. घरंही बहुतेक वाचली. पण पिढ्यानपिढ्या दगडी गडगे रचून, बांध घालून सांभाळलेली माती सुटली आणि तांबडी नदी होऊन खाडीत गेली. पुढच्या पुनवेपर्यंत खाडीचं पाणी लाल होतं, असं म्हणतात. पाऊस उघडला तेव्हा जिथे भाताची खाचरं होती तिथे नुसता जांभा दगड होता, घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखा. गुरं गेली, भाताचं बियाणं गेलं. कोंबड्या मात्र देवळामागच्या फणसावर चढून बसल्या होत्या. त्यांतली एकही गेली नाही.

गाव देवळात जमलं. राघोजी गावकर, म्हणजे गावचा पहिला मानकरी, उठून उभा राहिला. तो फार बोलणारा माणूस नव्हता.

"दगडावर भात उगवत नाय," तो म्हणाला. "कणग्यांत आहे ते शिमग्यापर्यंत पुरेल. शिमगा झाला की जाखाईची पालखी उचलायची आणि शीव ओलांडायची. खाडीपलीकडे रान पडून आहे. मी हसन तांडेलाला सांगून ठेवलंय, तो गलबतं घेऊन येईल."

आवडाबाय तेवढी पुढे झाली.

"आणि माझ्या बाया?"

"कुठल्या बाया गो?"

"देवीच्या कोंबड्या. त्या शीव ओलांडत नाहीत."

गावकराने मान खाली घातली. "त्या राहतील इथेच."

"कोल्ह्यांना?"

मागून कुणीतरी म्हणालं, "मग तूही राहा की त्यांच्यासंगं. तुझी बडबड त्यांनाच कळते."

चार लोक हसले, पण त्या हसण्यात दम नव्हता. "राहीन," आवडाबाय म्हणाली. म्हणून गेली आणि घरी आल्यावर तिला ते डोळ्यांसमोर दिसू लागलं. सुनं गाव, उघडा दगड, आणि ती एकटी. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळू लागली, की गाव उठता कामा नये. कसं, ते तिला ठाऊक नव्हतं.

नवरात्र सरलं. एका सकाळी ती कड्यावरून केर लोटत होती, तेवढ्यात एक पांढरी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, फडफडत खाली गेली. देवीची तलंग खाली गेली, मग राखणारीने काय करायचं? आवडाबायने पदर खोचला आणि पिंपळाच्या मुळांना धरून ती कडा उतरू लागली. त्याआधी तिथे कुणी उतरलं नव्हतं. उतरायचं काही कारणच नव्हतं.

कड्याच्या मध्यावर एक रुंद टप्पा होता, वरून न दिसणारा. तिने त्यावर पाय टेकवला आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला.

माती होती ती. काळी, भुसभुशीत, बोटांतून रव्यासारखी सुटणारी. मूठभर उचलली तर त्यात गांडुळं वळवळत होती. टप्पाभर भोपळ्याचा वेल माजला होता आणि त्याला रांजणाएवढे भोपळे लागले होते. माणसापेक्षा उंच लाल माठ उभा होता आणि त्याचे तुरे बियांच्या भाराने वाकले होते. तलंग मजेत माती उकरत होती. आवडाबायने हातानेच खाली खणलं. तळाला जांभा लागला, गावात होता तोच. मग दगडावर ही माती आली कुठून?

ती वर बघत राहिली. तेवढ्यात कड्याच्या कडेला अडकलेलं एक पीस सुटलं आणि तरंगत तरंगत तिच्या पायाशी येऊन पडलं.

त्यानंतर ती कडा कशी चढली ते तिला कधी आठवलं नाही. पदरात माती, काखेत तलंग, आणि ती अशी धावली की वाटेतली पोरं भिंतीला चिकटली. राघोजी गावकर अंगणात सामान बांधायला काथ्या वळत होता. तिने सगळी माती त्याच्या मांडीवर ओतली.

"ही कुठून चोरलीस?" तो म्हणाला.

"चोरली नाय. कोंबड्यांनी केली."

"कोंबड्या माती करतात होय? कोंबड्या मातीचा नाश करतात. माझ्या मंडळींना विचार, तुझ्या कोंबड्यांनी परसातली किती वांगी फस्त केली ती."

"केली ना फस्त? मग ती गेली कुठे? त्यांनी शीटेतून रोज परत दिली गावकरा, आणि आम्ही रोज कड्यावरून फेकली. सासूने फेकली, तिच्या सासूने फेकली. खाली येऊन बघ काय साठलंय."

गावकराने ती माती मुठीत घेतली, चुरली, नाकाशी नेली. श्रावणापासून त्याच्या हाताला माती लागली नव्हती. त्याने ती परत तिच्या पदरात ओतली. मग म्हणाला, "पण ही देवीची आहे."

तीच तर अडचण होती. जाखाईचा पुजारी केसू गुरव तर ऐकूनच कानांवर हात ठेवायला लागला. "देवीचं शेतात टाकायचं आणि वर त्यातलं खायचं? आजवर असं झालेलं नाय." शेवटी ठरलं की कौल लावायचा. देवीच्या दगडी मूर्तीवर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशी फुलाची पाकळी पाण्याने चिकटवायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

सगळं गाव श्वास रोखून बसलं. सकाळ गेली, दुपार झाली, एकही पाकळी पडेना. पाणी वाळलं तरी पाकळ्या जागच्या हलेनात. आवडाबायला धीर धरवेना, पण देवीला कोण घाई करणार? इतक्यात परड्यातला तुरेवाला कोंबडा टणाटण उड्या मारत गाभाऱ्यात शिरला, मूर्तीच्या पायाशी उभा राहिला, आणि एकदम उंच उडी घेऊन त्याने उजवी पाकळी टिपली आणि गिळून टाकली.

एकच गलका झाला. कुणी म्हणे पडली नाही, खाल्ली. कुणी म्हणे जागेवर तर नाही राहिली. केसू गुरवाने बराच वेळ कोंबड्याकडे बघितलं आणि हात वर केला. "देवीच्या कोंबड्याने घेतली म्हणजे देवीने घेतली," तो म्हणाला. "उजवी घेतली. माझं काही म्हणणं नाय."

आणि मग खडपकोंडात जे काम सुरू झालं, तसं त्या मुलखात कधी कुणी पाहिलं नव्हतं. आधी पडलेले गडगे पुन्हा रचले. उघड्या जांभ्यावर पातेरा टाकला, भाताचं तूस टाकलं, घरांवरचा जुना कुजका पेंढा टाकला. दुधाला विरजण लावावं तशी कड्याखालची मूठ मूठ माती त्यात मिसळली. आणि वर आवडाबायने डालगं उपडं घातलं, आत तिच्या बाया. कोंबड्यांना काय, किडा दिसला की उकर, दाणा दिसला की उकर. दिवसभरात तो पातेरा भुगा होई आणि त्यात त्यांची शीट कालवली जाई. संध्याकाळी डालगं उचलायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी, नव्या जागी घालायचं. त्या इतक्या जोराने उकरत की नखं जांभ्यावर घासून ठिणग्या उडत, असं म्हणतात.

लोक सुरुवातीला हसले. कोंबडी आणि भाजी यांचं वैर सगळ्या जगाला ठाऊक. पण आवडाबाय म्हणायची, "वैर नाय, वेळ चुकते. आधी कोंबडीने फिरायचं, मग रोपाने बसायचं. रोप बसलं की कोंबडी पुढच्या वाफ्यात." हळूहळू घरोघरी कामट्या चिरल्या गेल्या, डालगी विणली गेली. पलीकडच्या किनाऱ्यावरून बघितलं तर डोंगरावर मोठमोठी अळंबी उगवल्यासारखी दिसत. केसू गुरवही एक डालगं घेऊन आला आणि ते रोज अगदी मुहूर्त बघून हलवू लागला.

पण माणसाला एकदा हुरूप आला की त्याला आवर राहत नाही. थोड्या शीटेने एवढं, तर जास्तीने किती, असं लोकांना वाटलं. आवडाबायलाही वाटलं. पौषात वांगी-मिरचीची रोपं लावली आणि सगळ्यांनी परड्यातली ताजी शीट आणून रोपांच्या बुडाशी ओंजळी ओंजळीने घातली. आठवडा गेला नाही तोच रोपं करपली. पानं काळी पडली, देठ लोळले. एकाही वाफ्यात हिरवा ठिपका उरला नाही, आवडाबायच्या वाफ्यातसुद्धा नाही.

"देवी कोपली," लोक म्हणाले. गुरवाने आपलं डालगं बाजूला टाकलं आणि तो घरी जाऊन बसला. अंगणात पुन्हा काथ्या वळायला सुरुवात झाली. आवडाबायशी कुणी भांडलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

पौषातली ती गारठ्याची सकाळ. ती परड्यात गेली तर तिने लोटून ठेवलेल्या ताज्या शीट-पातेऱ्याच्या ढिगावर सगळ्या कोंबड्या बसल्या होत्या. उकरत नव्हत्या, टिपत नव्हत्या. पिसं फुलवून, डोळे मिटून नुसत्या बसल्या होत्या. आवडाबाय रागावली. "माझं घर बुडालं आणि तुम्ही झोपा काढताय होय?" ती म्हणाली आणि एकीला उचलायला वाकली. कोंबडीचं पोट गरम लागलं. तिने ढिगात हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला.

कोंबड्या ऊब घेत होत्या.

ती तशीच धावत गावकराकडे गेली आणि त्याला मनगटाला धरून परड्यात घेऊन आली.

"हात घाल."

"कशात?"

"घाल तर खरा."

त्याने हात घातला. "भाजलं गो," तो ओरडला.

"मग रोपांनी काय करायचं होतं? तुला हात काढून घेता आला, त्यांना पाय काढून घेता येत नाय. देवी कोपलेली नाय गावकरा. कड्याखालची माती केव्हाची निवलेली होती. आपण मात्र चुलीवरचं उतरवून तसंच पोरांच्या तोंडात घातलं."

"मग निवायला किती दिवस?"

ते तिला कुठे ठाऊक होतं? सासूने टाकलेलं निवायला तिचं अख्खं आयुष्य गेलं होतं. पण एक तिला दिसत होतं, की ढीग असतो तोवर तो तापतो, आणि पसरला, उलटला, वारा लागला की निवतो. उलटायला तर तिच्याकडे सैन्य होतं. ढीग मोडून वाफ्यांवर पातळ पसरले, त्यात आणखी पातेरा मिसळला, झऱ्याचं पाणी शिंपडलं आणि पुन्हा डालगी घातली. कोंबड्या उकरत, माणसं पाणी शिंपडत. रोज सकाळी आवडाबाय वाफ्यावाफ्यात हात घालून बघायची आणि मान हलवायची. पौष गेला, माघ लागला, तिची मान हलतच राहिली. माघ अर्धा सरल्यावर एका सकाळी तिने हात घातला तो आतच ठेवला. गार, ओली, काळी माती होती. तिला बोलताच आलं नाही, आणि हे तिच्या आयुष्यात एकदाच झालं, असं म्हणतात.

"आता वेळ कुठाय?" गावकर म्हणाला. "वांगी धरायला किती दिवस लागतात ते तुला ठाऊक आहे. शिमगा तोंडावर आला. मी तांडेलाला शब्द दिलाय. पालखी उचलायच्या दिवशी डोळ्यांना हिरवं दिसलं तरच मी थांबेन."

"हिरवं नाय दिसणार."

"मग?"

"लाल दिसेल," आवडाबाय म्हणाली. तिने पदराची गाठ सोडली. कड्याखालच्या लाल माठाचं बी होतं त्यात, मोहरीहून बारीक, काळं चकचकीत. माठाला शिमग्याच्या आत येणं जमतं. त्याला नुसती माती लागते.

बी फेकलं. कोंबड्यांना वाफ्यांबाहेर ठेवण्यासाठी सगळं गाव आळीपाळीने काठ्या घेऊन बसलं. चौथ्या-पाचव्या दिवशी मातीवर गुलाबी केस आल्यासारखं दिसू लागलं. मग ते वाढलं. रोज सकाळी लोक उठून आधी वाफे बघत, मग तोंड धूत. माठ गुडघ्याला लागला, मांडीला लागला. कालच्या जागेवर आज हात मोजून बघावा तर वीतभर जास्त, असं म्हणतात. जांभ्याचा तो सगळा उतार रक्तासारखा, कुंकवासारखा लाल झाला.

शिमग्याचा दिवस उजाडला. हसन तांडेल ठरल्याप्रमाणे गलबतं घेऊन खाडीच्या वळणावर आला आणि बघतो तर काय! सगळा डोंगर पेटला होता. वाऱ्यावर ज्वाळा हलत होत्या. होळीची ठिणगी उडाली आणि गाव जळतंय, त्याला दुसरं काय वाटणार? "मारा वल्ही," तो गरजला. गलबतं किनाऱ्याला लागायच्या आत खलाशांनी उड्या टाकल्या. प्यायच्या पाण्याच्या घागरी, हंडे, भिजवलेली शिडं, जे मिळेल ते घेऊन ते चढण चढले आणि पहिल्या वाफ्यावर धडाधड पाणी ओतलं.

आवडाबाय कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"बरं झालं पाणी घातलंत," ती म्हणाली. "आता तेवढ्या त्या कोपऱ्यातही घाला."

हसन तांडेल घागर धरून तसाच उभा राहिला. "बाय, आग कुठाय?"

तिने एक जुडी मुळासकट उपटली आणि त्याच्या हातात दिली. मुळांना काळी माती चिकटलेली होती. त्याने माठाकडे बघितलं, मातीकडे बघितलं, आपल्या भिजलेल्या खलाशांकडे बघितलं, आणि तो हसायला लागला. त्याचं बघून खलाशी हसले, मग गाव हसलं. श्रावणापासून त्या गावात असं कुणी हसलं नव्हतं.

तिकडे पालखी तयार होती. राघोजी गावकराने पुढचा दांडा खांद्यावर घेतला आणि तो शिवेच्या दिशेने निघाला. माठाच्या वाफ्यांपाशी पोचला आणि त्याचं पाऊल पुढे पडेना. कुणी म्हणतात पालखी जड झाली, कुणी म्हणतात गावकराचेच पाय जड झाले. काही असो, तो तिथेच वळला. आणि मग ढोल असा वाजला, पालखी अशी नाचली, वाफ्यांच्या बांधाबांधाने अशी फिरली, की परड्यातल्या कोंबड्याही पंख पसरून मागे धावल्या.

"तांडेला," गावकर धापा टाकत म्हणाला, "गलबतं भरून ने. माणसं सोडून काय पाहिजे ते भर."

हसन तांडेलाने लाल माठ भरून नेला आणि पावसाआधी त्याच्या बदल्यात भाताचं बियाणं आणून दिलं. खडपकोंड उठलं नाही.

आवडाबाय पुढे खूप जगली. गावातल्या सगळ्या खाचरांत पुन्हा माती झाली, वांगी झाली, पडवळं झाली, तरी तिचं डालगं थांबलं नाही. गाव पुरेना म्हणून ती वरच्या सड्यावर, त्या उघड्या माळावर गेली, जिथे गवताची काडी नव्हती. रोज एक डालगं पुढे. एका सकाळी लोकांनी तिला शेवटचं पाहिलं ती सड्याच्या मध्यावर, मागे कोंबड्यांची रांग, डोक्यावर डालगं. संध्याकाळी ती परतली नाही. लोक शोधायला गेले तर ती नव्हती आणि कोंबड्याही नव्हत्या. दगडावर फक्त हिरवळीचे गोल होते, एकापुढे एक, पार क्षितिजापर्यंत गेलेले, असं म्हणतात.

आता खडपकोंडात शाळा आहे, रस्ता आहे, मोबाइलला रेंजही येते. पण आजही पाऊस सरला की पेरणीच्या आदल्या दिवशी घरातली जाणती बाई वाफ्यात मनगटापर्यंत हात घालते, आणि ती "निवलं" म्हणेपर्यंत कुणी बी टाकत नाही. गावकीच्या बैठकीत दोघे हमरीतुमरीवर आले तर एखादी म्हातारी मध्येच म्हणते, "थांबा रे, हात घालून बघूया," आणि भांडण दुसऱ्या दिवसावर जातं.

आणि शिमग्याच्या दिवशी पालखी उचलण्याआधी सगळं गाव सड्यावर चढतं. त्या वर्षी गावात आलेल्या सुना डालगी घेऊन पुढे असतात. गेल्या वर्षीची हिरवळ जिथे संपते, तिथून एक डालगं पुढे, कोऱ्या दगडावर, त्या आपलं डालगं उपडं घालतात आणि आत लाल दोऱ्याची कोंबडी सोडतात. मग गुरव तिथे नारळ फोडतो आणि मोठ्याने सांगतो की या वर्षीची गावाची शीव इथे.

देवीच्या कोंबडीने शीव ओलांडायची नाही, हा नेम गावाने अजून पाळला आहे.